रस्ते तीन, पण खरे दोनच

कोणत्या मार्गाने किती टक्के गाड्या जातील हे काढायचं, तर प्रत्येक पर्यायी मार्गाचा प्रवासवेळ काढून लॉजिटच्या सूत्रात (जितका वेळ कमी, तितका त्या मार्गाचा वाटा जास्त, असं वाटणारं सूत्र) घातला की काम झालं, असं काहींचं म्हणणं असतं. सगळेच सर्वांत कमी वेळाचा रस्ता धरत नाहीत, इथपर्यंत पटलं. पण साधं लॉजिट मार्गांमधला सामायिक भाग बघतच नाही आणि घोळ तिथेच होतो. समजा तीन मार्ग आहेत, प्रत्येकी 20 मिनिटांचे. एक पूर्ण वेगळा. उरलेले दोन 18 मिनिटं एकाच रस्त्याने जातात आणि शेवटच्या चौकात फुटतात. लॉजिट तिघांनाही 33-33 टक्के वाटून मोकळं होतं. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात मात्र रस्ते दोनच असतात, म्हणजे उत्तर 50-25-25च्या आसपास यायला हवं.

1999 साली आलेलं पाथ साइज लॉजिट नेमकं हेच सुधारतं. रस्त्याचा जो तुकडा दोन मार्ग वापरतात, तो प्रत्येकाला अर्धाच मोजायचा. वरच्या उदाहरणात जुळ्या मार्गांचं वजन 0.9 × 0.5 + 0.1 = 0.55 येतं, वेगळ्याचं 1. आणि या वजनांच्या प्रमाणात वाटणी साधारण 48-26-26 होते. मी एकदा प्रोग्रामकडून दहा सर्वांत जवळचे मार्ग मागवले, तर आठ एकाच हमरस्त्याचे निघाले, फरक काय तो एखाद्या गल्लीचा! तेव्हा सूत्रावर वाद घालण्याआधी मार्गांची यादी नकाशावर काढून बघाच.