दोघांचा राक्षसांचा फाशांचा खेळ : डाव संपतच नाही

पाचफासे :
दोन राक्षसांच्या लढाईचा खेळ बनवतो आहे. प्रत्येकाचे २० जीव. आपल्या खेळीत पाच फासे टाकायचे, हवे ते राखून बाकीचे आणखी दोनदा टाकायचे. फाशाच्या बाजू : पंजा २, बदाम २, ढाल १, वीज १. पंजाने समोरच्याचा एक जीव जातो, बदामाने आपला एक भरतो, ढाल समोरच्याच्या पुढच्या खेळीतला एक पंजा अडवते. तीन विजा साठल्या की ३ जिवांचा मोठा वार. डाव लांबतच जातो, पहिलं दान टाकणारा जास्त वेळा जिंकतो आणि विजेकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. फार नियम न वाढवता काय बदलू?

हिशेबी :
दोष बदामात आहे. पंजाच्या दोन बाजू, म्हणून एका फाशावर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ८/२७, मिळण्याची १९/२७. सगळे फासे पंजामागे लावले तर सरासरी ३.५२ पंजे. बदामाच्याही दोनच बाजू, सरासरी तीच. एक फोडतो तेवढं दुसरा भरून काढतो, मग निकाल लागणार कसा? बदामाची एक बाजू काढा, सरासरी २.११ वर येईल.

पहिल्याच्या फायद्यावर सोपा उपाय : त्याने पहिल्या खेळीत फासे एकदाच टाकायचे. सरासरी १.६७ पंजे पडतात, म्हणजे पूर्ण खेळीच्या जवळजवळ निम्मे. मग आघाडी दोघांकडे आलटूनपालटून सारखीच राहते. शिवाय दुसऱ्याला जादा जीव देऊ नका, पारडं उलटं झुकेल.

रातकिडा :
हिशेबी, ढाल राहिली की! बचाव करणारा बदाम किंवा ढाल, जे पडेल ते राखतो. मूळ फाशावर अशा तीन बाजू आहेत : ७/८ × ५ = ४.३८, हल्ल्यापेक्षा जास्तच. एक बदाम काढूनही दोन उरतात, म्हणजे पुन्हा ३.५२ विरुद्ध ३.५२. कोंडी तिथेच.

म्हणून काढलेल्या बदामाच्या जागी तिसरा पंजा द्या आणि एका खेळीत एकच बदाम मोजा. आता हल्ला ४.३८, बचाव मात्र कितीही ताणला तरी ३.११ च्या आत (ढाली २.११ अधिक एक बदाम). नुसता दबून बसणारा दर फेरीला सरासरी सव्वा जीव तरी गमावतो. दोघेही तुटून पडले तर साधारण पाच खेळ्यांत फैसला, तेव्हा जीव २० च राहू द्या. पहिल्या खेळीचा तुमचा उपाय इथेही चालतो : एकदाच टाकून सरासरी २.५ पंजे.

न वापरलेल्या ढाली पुढे साठवू देऊ नका, नाहीतर सगळं मुसळ केरात.

विजेचं गणित सरळ आहे. विजेमागे लागलं तर खेळीला २.११ विजा, त्याच वेळात ४.३८ पंजे मिळाले असते. एक वीज दोन पंजांहून किंचित महाग, म्हणून तीन विजांचा वार ६ जिवांचा हवा. वार करण्याआधीच मरण्याचा धोका असतो, त्याबदल्यात तो ढालीने अडू नये.

लाकूडकाम :
फासे हाताने कापणार असाल तर तिन्ही पंजे एकाच कोपऱ्याभोवती काढा. हाताने कापलेला ठोकळा बहुतेकदा एका दिशेने थोडा चपटा होतो आणि त्या दोन रुंद, समोरासमोरच्या बाजू जास्त पडतात. तिन्ही जोड्यांत एकेक पंजा असला की हा दोष पंजाच्या बाबतीत आपोआप कटतो. दोन पंजे समोरासमोर आले तर तोच दोष थेट त्यांच्यावर बसतो. बदाम, ढाल, वीज कुठेही चालतील.

वजन एका बाजूला असलं तर मात्र ही युक्ती उपयोगी नाही. पंजे कोरले आणि बाकी चिन्हं नुसती रंगवली की नेमकं तेच होतं. सगळी चिन्हं एकाच पद्धतीने करा. प्रत्येक फासा ६०० वेळा टाकून पंजे मोजा. २७६ ते ३२४ मध्ये आले तर मोठा दोष नाही असं धरून चाला. बाहेर गेले तर पुन्हा ६०० दानं टाका, आणि तेव्हाही त्याच बाजूला बाहेर गेले तर तो फासा बाद.