स्क्रिप्ट फाँटचे जोड
जुन्या वळणाचे स्क्रिप्ट फाँट, म्हणजे हाताने सलग लिहिल्यासारखी एकमेकांना जोडलेली अक्षरं असणारे फाँट, फार गुळगुळीत, म्हणून नकली वाटतात. त्यांवर शाईचा खरखरीत पोत चढवा, असं एकाने सुचवलंय. अर्धंच पटलं. खरी चोरी पकडली जाते ती एक अक्षर दुसऱ्याला मिळतं त्या जोडांत. धातूच्या खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर आपापल्या ठोकळ्यावर बसायचं, त्यामुळे तिरक्या, एकमेकांत शिरणाऱ्या रेषा जुळवणं जिकिरीचं. बाहेर आलेली नाजूक शेपटी मोडायचीही. फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे अक्षरं प्रकाशाने फिल्मवर उमटवायच्या पद्धतीत, ठोकळाच गेला. फाँट घडवणाऱ्या मॅथ्यू कार्टरने १९६५ च्या सुमारास चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनगुरूच्या वळणावरून 'स्नेल राउंडहँड' हा स्क्रिप्ट फाँट केला, तो याच सोयीचा फायदा घेऊन.

आणि आता लोक हौसेने अक्षरांमधलं अंतर वाढवून तेच जोड तोडतात! अंतर शून्यावर ठेवा, फाँटमध्ये पर्यायी अक्षरं (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं) असतील तर ती चालू करा. सगळं कॅपिटलमध्ये तर कृपा करून नकोच.