आजीच्या सुती साड्यांची गोधडी: हाताने शिवू की मशीनवर?

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

माझी आजी (आईची आई) यंदा चैत्रात गेली. तेराव्यानंतर मावशीने तिची ट्रंक उघडली. पैठणी, नारायणपेठ यांची वाटणी बोलताबोलता झाली. रोजच्या साड्या कुणाला तरी देऊन टाकायच्या ठरल्या होत्या, त्या मी मागून घेतल्या. तीन सुती सहावारी आणि एक हिरवं नऊवारी. ते नऊवारी तिने शेवटची बरीच वर्षं नेसलं नव्हतं, नुसतं पांघरायची. धुऊन धुऊन सगळ्या इतक्या मऊ झाल्यात की घडी हातात ठरत नाही.

यांची गोधडी शिवायची आहे. धाकटीसाठी नक्की, जमलं तर थोरल्यालाही.

परिस्थिती सांगते, म्हणजे त्या बेताने उत्तरं द्याल. डोंबिवलीत वन बीएचके. नोकरी ठाण्याला, घरी यायला साडेसात. थोरला पाचवीत, त्याचा गृहपाठ माझ्याच गळ्यात. धाकटी अडीच वर्षांची, दिसेल ते तोंडात. सासूबाई आहेत म्हणून हा गाडा चालतो, पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. शिवणाचं म्हणाल तर आईने लग्नात दिलेलं पायमशीन आहे, मोटर बसवून घेतलेलं. उशांचे अभ्रे, पडदे, साडीचे फॉल, उसवलेले युनिफॉर्म एवढं येतं. गेल्या गॅदरिंगला थोरल्याला वासुदेव व्हायचं होतं, तेव्हा घोळदार अंगरखाही शिवला (मोरपिसांच्या टोपीचं नाव काढू नका). गोधडीला मात्र कधी हात लावलेला नाही.

नवरा म्हणतो, शिवून देणाऱ्या बायका असतात, दे त्यांना. असतील. पण मला ती माझ्या हातची हवी आहे.

मशीनवर लवकर होईल असं वाटतं, पण मशीन बेडरूममध्ये आणि रात्री नऊनंतर तिथे कुणीतरी झोपलेलं असतंच. चार साड्यांत काय काय होईल? आणि माझा खरा प्रश्न, अर्धवट काम ठेवायचं कुठे? घरात सपाट जागा दोनच, बेड आणि हॉलची फरशी, आणि दोन्हींवर दिवसभर माणसं.

थंडीच्या आत व्हावी अशी इच्छा. डोंबिवलीत थंडी पडते का वगैरे विनोद नंतर करा.

---

कागलची_काकू

अबोली, हाताने कर. मशीनचं मास्तर येऊन सांगतीलच, मला माझं सांगू दे.

आमच्याकडं वाकळा, म्हणजे तुमच्या गोधड्या, उन्हाळ्यात शिवायच्या. ज्वारी घरात आली की पाऊस पडेपर्यंत बायकांना दुपारी जरा उसंत. सोप्यात चटईवर वाकळ पसरायची आणि चौघी चार कडांना बसायच्या. पण ते मोठ्या वाकळेचं झालं. लेकराची वाकळ त्याची आई एकटीच करायची, मध्येच उठत, मध्येच बसत. चुलीवर कालवण, पाळण्याची दोरी पायाला आणि हातात सुई. तुझी अडचण काही नवी नाही गं.

आता हिशोब. चार साड्या दिसतात म्हणून डबलबेडची करायला जाऊ नकोस, तुझ्या फरशीवर ती मावायचीही नाही. नऊवारी म्हणजे २७ फूट. पाच-पाच फुटांचे तुकडे केलेस की पाच पदर, म्हणजे थर, पडतात आणि वर दोन फूट उरतं. रुंदी साधारण पावणेचार फूट असते, जुन्या लुगड्याची मोजून घे. ती रुंदी तशीच ठेवायची, जोड द्यायचा नाही. म्हणजे एका नऊवारीत धाकटीची पाच पदरी वाकळ झाली, आणि ती शाळेत जाईपर्यंत पुरेल. सहावारी १८ फूट, तिचे तसेच तीन तुकडे. दोन सहावारींत थोरल्याची सहा पदरी. तिसरी ठेव राखीव, ती लागणारच आहे.

का लागणार ते सांगते. जुनी साडी सगळीकडं सारखी विरत नाही. बसायच्या जागी आणि खालच्या काठाजवळ आधी जाते, पदर आणि आतला खोचायचा भाग धड राहतो. प्रत्येक तुकडा खिडकीत उजेडासमोर धर. जिथं जाळी दिसेल तो मधल्या पदरात घाल. वर आणि खाली धड तुकडे. वरच्या पदरात नंतर कुठं विरलं तर राखीव साडीचं ठिगळ वरनंच लावायचं. ठिगळाला लाजायचं नाही, वाकळेला ते शोभतं.

कापायच्या आधी सगळ्या साड्या एकदा साध्या पाण्यातनं काढ. खळ राहिली असेल तर निघू दे, नाहीतर सुई जड जाते.

आता नीट वाच, तुझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. निवांत वेळ लागतो तो फक्त पदर अंथरायला. त्याला दीड-दोन तास मोकळी फरशी पाहिजे, मध्ये कुणी चालायला नको. एखाद्या रविवारी नवऱ्याला दोन्ही पोरं घेऊन बाहेर धाड. फरशी पुसून कोरडी कर. एकेक पदर पसरायचा, मधनं कडेकडे तळहाताने सुरकुत्या काढायच्या, मग त्यावर दुसरा. सगळे बसले की लांब लांब कच्चे टाके, टाका चांगला दोन-तीन बोटं, उभे आणि आडवे, चौकटी पडतील असे. टाचण्या अजिबात नकोत, घरात अडीच वर्षांचं पोर आहे. हे कच्चं टाकणं झालं की पदर हलत नाहीत. मग ती वाकळ गुंडाळ, घडी घाल, उशीच्या अभ्र्यात कोंब, कपाटावर फेक, काही बिघडत नाही. पुढचं सगळं काम मांडीवर. थोरल्याच्या गृहपाठाशेजारी बसून होतं.

शिवायला कडेपासून सुरुवात. वरचा आणि खालचा पदर बोटभर आत दुमडायचा, मधले पदर त्या दुमडीत अडकतील असे. कड चारी बाजूंनी पक्की केलीस की आत एका बोटाच्या अंतरावर दुसरी ओळ, मग तिसरी, असं फिरत फिरत मध्यावर जायचं. साधा धावदोरा. टाका आधी मोठा पडेल, पडू दे.

दाभण घेऊ नकोस, ते पोत्याला. मोठ्या नेढ्याची लांब सुई आण. दोरा सुती आणि जाडसर, हात-दीड हातापेक्षा लांब ओवायचा नाही, गुंता होतो. मेणाच्या तुकड्यावरनं एकदा ओढून घे. अंगुस्तान वापर. पाच पदरांतनं सुई ढकलताना बोट सोलून निघतं, आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळायची असते.

---

टाके_मास्तर

मला ओढलंच आहे तर लिहितो. मास्तर वडील होते, नाशकात दुकान होतं. मी निवृत्तीनंतर हौस म्हणून मशीनवर बसतो.

काकूंशी निम्मा सहमत. मशीनवर गोधडी होते, छान होते, पण ती कशी बिघडते हे आधी समजून घ्या. मशीनचे दाते खालून कापड मागे ओढतात. वरचा दाबणारा पाय मात्र वरच्या पदराला धरून ठेवतो. एका पदराला फरक कळत नाही. पाच पदर झाले की खालचा पुढे निघून जातो, वरचा मागे राहतो, आणि ओळीच्या शेवटी बोटभर कापड गोळा होऊन चुणी पडते. जुन्या मऊ सुतीत तर जास्तच.

त्यावर उपाय आहेत. वॉकिंग फूट नावाचा पाय मिळतो, त्याला स्वतःचे दाते असतात, तो वरचा पदरही सरकवतो. तुमच्या मशीनला बसेल असाच मागा, दुकानात मशीनचं मॉडेल सांगा. सुई १६ नंबरची. टाक्याची लांबी साडेतीन-चार मिलिमीटर, बारीक टाका घातलात तर विरलेलं कापड त्या रेषेवरच फाटतं. पायाचा दाब थोडा कमी करा, वर स्क्रू असतो.

आणि मशीनवर काकूंची रीत उलटी करायची. कडेपासून आत गेलात तर सरकत आलेलं सगळं कापड मध्यावर साठतं आणि तिथे पोट येतं. म्हणून पहिली ओळ बरोबर मधून, मग तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने कडेकडे. कड सगळ्यात शेवटी. हाताने शिवताना दर टाक्याला तळहात फिरतो, जास्तीचं कापड थोडं थोडं मुरवता येतं, त्यामुळे कडेपासून चालतं. मशीन मुरवत बसत नाही.

अजून एक. मशीनच्या हाताखाली जेमतेम सहा-सात इंच जागा. मधली ओळ मारताना निम्मी गोधडी गुंडाळून त्या जागेतून काढायची असते. पावणेचार फूट रुंदीची निघेल, त्यापेक्षा मोठीच्या वाटेला जाऊ नका.

साड्या खरोखर सुती आहेत का तेही पाहा. बऱ्याच "कॉटन" साड्यांत पॉलिस्टर असतं. काठाजवळचा एक धागा उपसून चिमट्यात धरून पेटवा. सुती कागदासारखा जळतो, वासही तसाच, राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. तशी निघाली तर वेगळी ठेवा. एकाच गोधडीत दोन्ही घातलंत तर पॉलिस्टरचा पदर आत सरकत राहतो, आणि घामही शोषत नाही.

मोटरचा प्लग काम झाल्यावर काढून ठेवा. अडीच वर्षांच्या पोराला पायडल फार आवडतं.

---

हल्याळची_लेक

काकूंनी सांगितलेली कडेपासून आत यायची रीत वाचून गाव आठवलं. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. सिद्दी म्हणजे कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आलेल्यांचे वंशज. त्यांची शिवणही कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेने फिरत मध्यावर संपते. फरक एवढाच की त्या वरचा पदर आधी जोडून घेत नाहीत. चिंध्या हातात घेत, कडा दुमडत, शिवता शिवताच बसवत जातात. शेवटी चारी कोपऱ्यांवर छोट्या चौकोनी तुकड्याच्या तिकोनी घड्या घालून लावतात, त्याला फुला म्हणतात. ती नसली तर कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

अबोली, राखीव साडीच्या काठातून अशी चार फुलं तुला सहज निघतील. कोपरा सगळ्यात आधी झिजतो, तिथे चार घड्या जास्त असल्या तर बरंच.

---

अबोली_डोंबिवली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. धागा जाळून पाहिला. नऊवारी आणि दोन सहावारी सुती निघाल्या. तिसऱ्या निळ्या साडीचा मणी झाला. आजीला पॉलिस्टर चालत नसे, म्हणजे ती कुणीतरी भेट दिलेली असणार. मावशीला विचारलं तर ती हसली आणि विषय बदलला, त्यावरून काय ते समजले.

ठरलं असं की धाकटीची नऊवारीतून, हाताने. थोरल्याची नंतर, वॉकिंग फूट मिळाला तर मशीनवर. त्याला हिरवी नकोच आहे.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून हे सगळं वाचलं आणि आता एक कड त्यांची. त्या खुर्चीत बसणार, गोधडी मांडीवर घेणार. सकाळी मी गेल्यावर आणि धाकटी झोपल्यावर. मला आवडलं, पण त्यांचा टाका माझ्यापेक्षा कितीतरी बारीक आहे. एकाच गोधडीत दोन हात वाईट दिसतील का?

काकू, अजून दोन शंका. नऊवारीच्या पदराला एक तेलकट डाग आहे, जात नाही. आणि राखीव साडीच बाद झाली, तर ठिगळाला काय वापरू? दोरा कुठल्या रंगाचा घेऊ?

---

कागलची_काकू

दोन हात दिसू देत की. चौघींच्या वाकळेत कुठली ओळ कुणाची ते सगळ्यांना कळायचं, आणि त्यावरनं भांडणंही व्हायची. फक्त एक कर, दोघींनी ओळींमधलं अंतर सारखं ठेवा. टाका लहानमोठा चालतो, अंतर बिघडलं की कापड एका बाजूला ओढतं. पुठ्ठ्याचा बोटभर रुंद तुकडा कापून दोघींना एकेक दे. आणि सुई घरात एकच. तू उठलीस की ती डब्यात, डबा वरच्या फळीवर. सासूबाईंनाही सांग.

डागाचा तुकडा खालच्या पदराला लाव, डाग आतल्या अंगाला करून. ठिगळाला नऊवारीचं उरलेलं दोन फूट आहे की. त्यातनंच फुलंही काढ, आता धुंडाळत बसू नकोस.

दोरा पांढरा नको, हिरव्यावर चार धुण्यांत मळकट दिसतो. लाल घे, नाहीतर गडद पिवळा. एक फूटभर दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेव. सकाळी फडकं रंगलं तर तो दुकानदाराला परत कर.