जैसलमेर: मुक्काम किल्ल्यात का खाली शहरात?

प्रश्न (दारव्हा): सोयाबीन निघालं की डिसेंबरात चौघं जाऊन राहिलो. बाबांचे गुडघे दुखतात. मुक्काम कुठं करावा? हवेल्या कोणत्या पाहाव्या?

उत्तर १: खालीच करा भाऊ. किल्ला ११५६ चा, पण बुडाशी मातकट ठिसूळ थर हाय. आतल्या घरांचं सांडपाणी तिथंच मुरते, मग पाया खचते अन् बुरूज सुटतात. चढणीवर चार पोल (दरवाजे) लागतात. फरशी घासून गुळगुळीत झाली, रबरी तळाचीच चप्पल घाला. आतली जैन मंदिरं सकाळीच उरका. चामड्याचा पट्टा दारातच काढा लागते.

उत्तर २: हवेल्यांत घाई नको. पटवा व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्या एकमेकींला लागून हायत, पहिलीचं काम १८०५ चं. दगड चुन्यानं नाही, खाचेत खाच बसवून जोडलाय. सज्जाच्या खालून सांधा पाहा, दिसते. दिवाण नथमलची हवेली दोघा भावांनी अर्धी-अर्धी कोरली. डावी-उजवी बाजू ताडून पाहा, नक्षी जुळत नाही! भर दुपारी ऊन डोक्यावर असते, कोरीव काम सपाट दिसते. तिरपं ऊन पाहिजे.

उत्तर ३: अन् स्वेटर विसरू नका बाप्पा. वाळवंट म्हणून सुती कपड्यावर जाल, तर रात्री कुडकुडान.