मदत हवी आहे : सेवाकार्यासाठी देणगीत मिळणारी बोट कुटुंबाच्या नावावर घ्यावी की न्यासाच्या?

सर्वांना नमस्कार.

आम्ही नवापूर तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंब आहोत. माझे सासरे निवृत्त पाळक आहेत, मी परिचारिका आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून आम्ही घरची माणसे अक्राणी तालुक्यातील नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर सेवाकार्यासाठी जातो. तेथे उपासना आणि मुलांचे वर्ग होतात. शिवाय रक्तदाब पाहणे, जखमा बांधणे, गरोदर बायकांना वेळेवर तपासणीला पाठवणे ही कामे माझ्याकडे असतात. सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून या पाड्यांच्या जुन्या वाटा बुडाल्या आहेत. त्यामुळे कोणाची होडी मिळेल त्या दिवशी जायचे आणि ती परत निघेल तेव्हा निघायचे, असे चालते. शासनाचा तरंगता दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका त्या पट्ट्यात आहेत, परंतु काठ इतका लांब आणि वळणावळणाचा आहे की प्रत्येक पाड्याला गरजेच्या वेळी बोट मिळणे कठीणच.

वसई किनाऱ्यावरील एका ख्रिस्ती मच्छीमार कुटुंबाला हे आमच्या नातलगांकडून समजले. त्यांनी मोठी नौका घेतल्यामुळे त्यांची फायबरची बावीस फुटी बोट मोकळी आहे, आणि ती पेट्रोलवर चालणाऱ्या, मागे लावायच्या इंजिनासह ते आम्हाला विनामोबदला देऊ इच्छितात. त्यांच्या दोनच इच्छा आहेत : बोट कधी विकू नये, आणि आजारी माणूस कोणत्याही जातिधर्माचा असला तरी त्याला बोटीत नाही म्हणू नये. आम्ही कृतज्ञतेने होकार कळवला आहे. बोट अद्याप वसईलाच आहे, आणि ती हलवण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा म्हणून हा धागा काढत आहे.

घरात मतभेद आहे तो नावाचा. सासऱ्यांचे म्हणणे, बोट प्रभूच्या कामासाठी आली आहे, तेव्हा ती ज्या छोट्या नोंदणीकृत न्यासाचे ते एक विश्वस्त आहेत त्याच्याच नावावर असावी. माझ्या दिरांना हे पटत नाही. इंजिनाचा एखादा भाग बदलायचा झाला तरी विश्वस्तांची सभा आणि ठराव लागेल, आणि तोवर बोट काठावर पडून राहील, अशी त्यांची भीती आहे. ती अगदीच निराधार नाही, कारण आमच्या न्यासाच्या सभा किती वेळा गणपूर्तीअभावी पुढे ढकलल्या जातात हे मी जवळून पाहते. तरीही माझा कल सासऱ्यांकडे आहे. बोट सासऱ्यांच्या नावावर घेतली, तर त्यांच्या पश्चात ती इतर मालमत्तेसारखी वारसांत जाईल. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे, त्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना समान, अशी वाटणी होते. एका बोटीची अशी वाटणी कशी करणार?

दुसरी चिंता माणसे बसवण्याची आहे. २०१९ च्या मकरसंक्रांतीला भुषा येथे नर्मदेत बोट उलटून माणसे गेली, ते त्या काठावर कोणी विसरलेले नाही. बोटीत मर्यादेपेक्षा फार जास्त माणसे बसली होती. आमची बोट पाण्यात उतरली की बाजाराच्या दिवशी आणि होळीच्या आठवड्यात लोक काठावरून हात करणार, आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे आमच्याने होणार नाही, हे मला आताच दिसते आहे. तेव्हा किती माणसे बसवायची, हे कायद्याने कोण ठरवते?

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. बोट येणार ही बातमी पाड्यावर आधीच पोहोचली असून एका वयस्कर बाबांनी मला सरळ विचारले, “बोटीत बसायचं तर तुमच्या प्रार्थनेला यावं लागंल का?” मी नाही म्हणून सांगितले आणि त्यांचे समाधानही झाले, परंतु असा प्रश्न ज्यांच्या मनात आहे पण ओठांवर येत नाही, त्यांचे काय? बोटीमुळे आमच्या कामावर संशय येऊ नये, यासाठी कागदोपत्री आणि व्यवहारात काय काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

याशिवाय बोट सातपुड्यातून वर कशी न्यायची, हेही आम्हाला ठाऊक नाही. वसईच्या कुटुंबाचे आखातात नोकरी करणारे एक नातलग वाहतुकीचा खर्च देण्यास तयार आहेत.

प्रतिसाद – किनारी खलाशी

ताई, प्रथम देणगीदारांकडून बोटीची सर्व कागदपत्रे मागवून घ्या. ही बोट मासेमारी नौका म्हणून नोंदलेली असणार, आणि तिचा मासेमारी परवानाही असेल. ती नोंद रीतसर रद्द करून घेतल्याशिवाय दुसरी नोंद होणे अवघड जाते. बोट किंवा इंजिन अनुदानातून अथवा कर्जावर घेतलेले असेल, तर संबंधित मच्छीमार सहकारी संस्थेचा ना-हरकत दाखला आणि बोजा नसल्याचे पत्र घ्या. देणारी माणसे कितीही सज्जन असली, तरी हे कागद नंतर मागायला संकोच वाटतो, म्हणून आताच मागा.

तुमच्या पाण्यासाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. जुना १९१७ चा कायदा रद्द होऊन हा २०२२ मध्ये अमलात आला. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला सर्वेक्षण (म्हणजे बोटीची अधिकृत तांत्रिक तपासणी) प्रमाणपत्र, नोंदणी आणि विमा आवश्यक आहे, आणि चालवणाऱ्याकडेही त्या कामाचे प्रमाणपत्र असावे लागते. आपल्या राज्यात यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावे लागते. डोंगरात राहून सागरी मंडळाकडे अर्ज करणे विचित्र वाटेल, पण व्यवस्था तशी आहे. एका राज्यात झालेली नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते, आणि तुमच्या समोरच्या काठावर मध्य प्रदेश व गुजरात असल्याने हा मोठा फायदा आहे. माणसांची संख्या सर्वेक्षणात ठरते. जो आकडा मिळेल तो बोटीच्या दोन्ही अंगांवर ठळक रंगवा. नाही म्हणण्याचे काम तो आकडा करील.

समुद्रातली बोट गोड्या पाण्यात किंचित जास्त बुडते, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. फरक लहान आहे, पण भरलेल्या बोटीत तो लक्षात ठेवावा. इंजिनात मीठ साचलेले असेल, तेव्हा ते निघण्यापूर्वी गोड्या पाण्यावर चालवून धुऊन घ्या. जलाशयात सर्वांत मोठा धोका बुडालेल्या झाडांच्या खुंटांचा असतो. पाणी उतरू लागले की ते पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात आणि पंखा आपटतो. जादा पंखा आणि शिअर पिना (धक्का बसताच स्वतः तुटून इंजिन वाचवणाऱ्या खिळ्या) बोटीत कायम असू द्या.

प्रतिसाद – धडगावकर

वाहतुकीबद्दल लिहितो. वसईहून बोट नवापूरला आणून पुन्हा वर नेण्याचे कारण नाही. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने ती थेट अक्कलकुव्याला येते. तेथून मोलगीकडे देवगोई घाट आहे, आणि तळोद्याहून धडगावला यायचे तर चांदसैली घाट. दोन्हींत वळणे आवळ आहेत. चांदसैलीत पावसाळ्यात दरडी येतात, म्हणून मी देवगोईच्या बाजूने सुचवीन, आणि तेही पाऊस संपल्यावर. बोटीची रुंदी सात फुटांच्या आसपास असेल तर नियमातील २.६ मीटरच्या मर्यादेत ती बसते. अडचण लांबीची आहे. इंजिन उतरवून वेगळे आणा आणि उघड्या हौद्याचा लहान ट्रक घ्या. ट्रेलर त्या वळणांवर मागे घेता येत नाही.

पाऊस संपल्यावर म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे, आणि पाणी त्या पातळीच्या जवळ असते तेव्हा बोट रस्त्यापासून थोड्याच अंतरावर पाण्यात लोटता येते. उन्हाळ्यात तेच पाणी इतके खाली जाते की मधला गाळाचा उतार माणसांनासुद्धा उतरवत नाही. बोट बांधण्याची जागा वर्षभर सरकवावी लागेल. काठावर शेड वगैरे बांधण्याचा विचार असेल तर आधी ग्रामसभेत विषय मांडा. हा पेसा क्षेत्राचा (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या क्षेत्राचा) भाग आहे, आणि परवानगीपेक्षाही गावाला आधी विचारले याला तेथे मोल आहे.

बोट तुमच्या घरातील कोणी चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काठावर विस्थापितांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था आहेत, त्यांतील एखाद्या तरुणाला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळवून द्या व पगारावर ठेवा. बुडालेले गाव कोठे होते आणि खुंट कोठे आहेत, हे त्याला न पाहता ठाऊक असते. पाड्यावरचा मुलगा सुकाणूवर असला की त्या बाबांच्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर आपोआप मिळते.

प्रतिसाद – हिशेबनीस

बोट न्यासाच्याच नावावर घ्यावी. दिरांच्या आक्षेपावर उपाय आहे : बोट स्वीकारण्याच्या ठरावातच एका ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती आणि इंधन यांचे अधिकार दोन व्यक्तींना द्या, आणि हिशेब पुढच्या सभेत मांडा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार न्यासाच्या नोंदींतील बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो, तो बदल अर्ज विसरू नका.

जंगम वस्तूचे दान प्रत्यक्ष ताबा देऊनही पूर्ण होते, तरी बक्षीसपत्र लिहून घ्याच, कारण पुढे नोंदणीला ते लागेल. ‘कधीही विकू नये’ ही अट मात्र तशीच लिहू नका. फायबर आणि इंजिन दोन्हींना आयुष्य आहे. वापरण्याजोगी असेपर्यंत विकू नये, आणि नंतर विकल्यास रक्कम त्याच काठावरील जलवाहतुकीच्या कामी लावावी, असे देणगीदारांच्या संमतीने लिहा. आजाऱ्यांबद्दलची त्यांची इच्छा मात्र शब्दशः घ्या. ती अट कागदावर असणे तुमच्याच हिताचे आहे.

आखातातील नातलग भारतीय नागरिक असून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असतील, तर ते विदेशी अंशदान (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी) ठरत नाही. त्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणीशिवाय ते पैसे न्यासाला घेता येणार नाहीत. हे त्यांना आधी विचारा. ती रक्कम घरातील कोणाच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नका. नातलग नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम आली तर ती करपात्र उत्पन्नात धरली जाते.

संशयाबद्दल एक सूचना. समोरच्या दोन्ही राज्यांत धर्मस्वातंत्र्याचे, म्हणजे बळाने किंवा प्रलोभनाने केलेल्या धर्मांतराला बंदी घालणारे, कायदे आहेत, गुजरातचा २००३ चा आणि मध्य प्रदेशचा २०२१ चा, आणि दोन्हींत प्रलोभनाची व्याख्या व्यापक आहे. उपासनेला जाण्याच्या फेऱ्या आणि रुग्णांच्या फेऱ्या वेगळ्या ठेवा, बोटीत एक साधी नोंदवही ठेवा, आणि तिच्यात तारीख, कोठून कोठे, किती माणसे व कारण एवढेच लिहा. नोंदवहीत कोणाचा धर्म लिहू नका.

प्रतिसाद – धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सर्व प्रतिसाद घरात मोठ्याने वाचले. दुरुस्तीच्या अधिकारांची सूचना ऐकून दिरांनी न्यासाच्या नावाला संमती दिली आहे. आखातातील नातलगांचे नागरिकत्व भारतीयच असल्याचे त्यांच्याकडून कळले, तेव्हा पैसे न्यासाच्या खात्यावरच घेऊ. चालक काठावरचा ठेवावा, हे सासऱ्यांना इतके पटले की त्यांनी लगेच दोन मुलांची नावे सुचवली. त्यांपैकी एक उपासनेला कधीही येत नाही, आणि तोच अधिक चांगली होडी चालवतो, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही त्यालाच विचारणार आहोत.

आता एकच शंका उरली आहे. पेट्रोल धडगाव किंवा मोलगीहून आणून काठावर ठेवावे लागेल. ते घरात किती ठेवता येते?

प्रतिसाद – किनारी खलाशी

विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंत ठेवता येते, आणि तेही धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, चुलीपासून दूर. प्लास्टिकचे कॅन वापरू नका. रात्रीच्या रुग्णासाठी एका फेरीचे पेट्रोल वेगळ्या डब्यात बाजूला काढून ठेवा, आणि त्याला इतर कामासाठी हात लावायचा नाही, हे त्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगा.