माझे १२० शेअर्स आणि कंपनीची राजकीय देणगी : वार्षिक सभेत विचारता येतं का?

सुरसागरकाठची

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितेय. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता दांडिया बाजारातल्या घरात एकटीच असते. तेव्हा प्रश्न लांबला तर सांभाळून घ्या.

आमचे हे इथल्याच एका रसायनांच्या कंपनीत फिटर होते. कंपनीने इश्यू काढला तेव्हा कामगारांना राखीव कोट्यातून शेअर्स दिले, पगारातून हप्ते कापून. बोनस धरून आज ते १२० झालेत. हे गेल्यावर माझ्या नावावर करायला चार हेलपाटे पडले, तो वेगळा विषय. दरसाल शेअरमागे अडीच रुपये लाभांश येतो, म्हणजे तीनशे रुपये. त्यातून पाव किलो लीलो चेवडो आणायचा आणि एक वाटी यांच्या फोटोपुढे ठेवायची, असं चाललंय. फार आवडायचा त्यांना.

मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने निवडणूक रोख्यांच्या (बँकेतून घेऊन, नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायचे ते) याद्या जाहीर केल्या, तेव्हा भाचा लॅपटॉप घेऊन आला होता. सहज म्हणून त्याने कंपनीचं नाव टाकलं. एकाखाली एक पाच ओळी निघाल्या. तीच तारीख, तेच नाव, आणि शेवटी १,००,००,०००. शून्यं मी बोट लावून मोजली, सवय आहे.

मग त्या सालचा वार्षिक अहवाल काढला. ईमेलने आला होता, मी उघडलाच नव्हता. ‘इतर खर्च’ या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप होती : रोख्यांद्वारे राजकीय देणगी, ५ कोटी. कुणाला, ते नाही. कंपनीचे एकूण शेअर्स १० कोटी. म्हणजे शेअरमागे पन्नास पैसे, आणि माझ्या वाट्याचे साठ रुपये. मला तीनशे देऊन साठ रुपये माझ्या वतीने परस्पर कुणाला तरी पोचते केले होते. पुढे २१ मार्चला आयोगाने रोख्यांचे क्रमांक टाकले, तेव्हा भाच्याने दोन्ही याद्या जुळवल्या. चार रोखे एका पक्षाकडे, एक दुसऱ्याकडे. पक्षांची नावं इथे लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

आता खरा प्रश्न. रोखे तर बंद झाले. तरी यंदाच्या अहवालात पुन्हा एक ओळ आहे : ‘कलम १८२ अन्वये अंशदान, ३ कोटी’. हे कंपनी कायद्यातलं राजकीय देणगीचं कलम. पुन्हा नाव नाही. दोन आठवड्यांनी सभा आहे, ऑनलाइन. १२० शेअर्सवाल्या बाईला विचारता येतं का? आणि कसं विचारायचं, की हसण्यावारी नेणार नाहीत?

इंदूरचा मुनीम

ताई, विचारायला एक शेअरसुद्धा पुरतो.

मी पिथमपूरला एका कारखान्याच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यामुळे ही ओळ कुठून येते ते पाहिलंय. बोर्डाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत शेवटी एक विषय असतो, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे इतर विषय’. देणगी त्यात यायची. छापील कागद नाही, चर्चा नाही. चहा निवायच्या आत ‘एकमताने मंजूर’. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे व्हाउचर. साहेब एवढंच म्हणायचे, ‘मुनीमजी, ये आज निकाल देना.’ मीही काढून द्यायचो. पोटाचा प्रश्न होता, खोटं कशाला सांगू.

आता कायदा. २०१३ च्या कंपनी कायद्यात दोन लगाम होते. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर देणगी द्यायची नाही, आणि नफा-तोटा पत्रकात रकमेबरोबर पक्षाचं नावही लिहायचं. २०१७ च्या वित्त कायद्याने दोन्ही सोडले, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी द्यायला मोकळी. स्वतःच्या माणसांचे पगार थकलेत, पण देणगीला पैसे आहेत! १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी रोखे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा हे दोन्ही बदलही रद्द केले. निकालात स्पष्ट म्हटलंय की कंपनीची देणगी हा धंद्यातला व्यवहार असतो, काहीतरी परत मिळावं म्हणून केलेला. त्यामुळे नाव लिहिणं आता पुन्हा बंधनकारक आहे. चुकवलं तर देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, असं कलमात आहे.

मग तुमच्या अहवालात नाव का नाही? मला वास येतोय तो देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या ट्रस्टचा. यावर कुणी वकील बोलला तर बरं.

जाता जाता, हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. १९५७ मध्ये टाटा स्टीलला राजकीय देणगी देता यावी म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये (कंपनीची उद्दिष्टं लिहिलेला मूळ दस्त) बदल करायचा होता. एक भागधारक आडवा आला आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. मुख्य न्यायाधीश छागलांनी बदल मान्य केला, पण यात लोकशाहीला मोठा धोका आहे, संसदेने लक्ष घालावं, असंही निकालात बजावून ठेवलं. संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली, १९६९ मध्ये इंदिराबाईंच्या राज्यात कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. बंदी असताना पैसा थांबला का? छे. थैलीतून जायला लागला. १९८५ मध्ये राजीव गांधींच्या काळात पाच टक्क्यांच्या मर्यादेत पुन्हा परवानगी मिळाली. म्हणून ‘बंदीच घाला’ असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. व्हाउचर तरी निघू दे.

पक्या_राजवाडा

काकू, राग मानू नका, पण विकून टाका ना ते शेअर्स. साठ रुपयांसाठी एवढा ताप? सगळ्याच कंपन्या देतात, सगळेच पक्ष घेतात. कुणी प्रेमाने देतो, कुणी भीतीने.

सुरसागरकाठची

पक्याभाऊ, विकले तर पैसे येतील, पण त्या कंपनीच्या दारात उभं राहून विचारायचा माझा हक्कही जाईल. यांची तीस वर्षं तिथे गेली, अॅसिडचा डाग पडलेला एक शर्ट अजून कपाटात आहे. आणि साठ रुपयांचं म्हणाल तर रिक्षावाल्याने पाच जास्त घेतले तरी आपण विचारतोच की.

भीतीने देतात हे मात्र पटलं. पण भीतीने दिले असतील तरी कळायला हवं ना. घरात चोर शिरून गळ्याला सुरी लावून पैसे नेले, तर नवरा बायकोला सांगेल की ‘इतर खर्चा’त टाकेल?

मुनीमकाका, व्हाउचरचं वाचून पोट धरून हसले, मग जरा गप्प बसले.

अॅड. लष्कर, ग्वाल्हेर

काकू, वकिली करते म्हणून कामाचं तेवढं सांगते.

सभेची जी नोटीस आलीय तिच्यात ‘वक्ता म्हणून नोंदणी’ असा परिच्छेद शोधा. सभेच्या काही दिवस आधी ठरावीक पत्त्यावर ईमेल करावा लागतो, डिमॅट क्रमांकासह. ती मुदत चुकली की त्या दिवशी फक्त बघत बसायचं. प्रश्न त्याच ईमेलमध्ये लिहूनही पाठवा. तोंडी प्रश्न हवेत जातो, लेखी प्रश्न कंपनी सेक्रेटरीकडे कागदावर राहतो.

भाषण करू नका. एकच वाक्य विचारा : ३ कोटी कोणत्या पक्षाला किंवा ट्रस्टला, कोणत्या तारखेच्या ठरावाने दिले? बोर्डाचं इतिवृत्त भागधारकाला बघायला मिळत नाही, फक्त सर्वसाधारण सभांचं मिळतं. त्यामुळे ‘कुणी विरोध केला का’ हे ते सांगणार नाहीत, पण विचारायला हरकत नाही.

कायद्याची खरी गोम अशी की या देणगीला बोर्डाचा ठराव पुरतो. भागधारकांपुढे ती मतदानाला येतच नाही. एलआयसी, म्युच्युअल फंड असे बडे लोक लाखो शेअर्स धरून बसलेत, पण मत द्यायला विषयच समोर नसेल तर ते तरी काय करणार? ब्रिटनमध्ये ठरावीक रकमेच्या वर देणगी द्यायची तर आधी सभासदांची मंजुरी लागते, २००० सालच्या कायद्यापासून. आपल्याकडे तशी अट नाही. स्वतः विशेष सभा बोलवायची तर १० टक्के मतं लागतात.

मुनीमकाकांना वास बरोबर आला. इलेक्टोरल ट्रस्टची योजना २०१३ पासून आहे. कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्टने वर्षभरात आलेल्यातले ९५ टक्के पक्षांना वाटायचे. दोन्ही याद्या आयोगाकडे जातात आणि वेबसाइटवर दिसतात. रोख्यांपेक्षा बरं, यात शंका नाही. पण कंपनीच्या हिशेबात नाव आलंच तर ट्रस्टचं, पक्षाच्या हिशेबातही ट्रस्टचंच.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज करू नका, खाजगी कंपनीला तो लागू नाही. राष्ट्रीय पक्षांना लागू आहे असं केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सांगितलं होतं. पक्षांनी ऐकलं नाही, संपलं.

सुरसागरकाठची

१० टक्के म्हणजे एक कोटी शेअर्स. माझे ०.०००१२ टक्के आहेत. वकीलताई, आपण विशेष सभा राहू देऊ! नोंदणीचा ईमेल आजच टाकते.

सुरसागरकाठची

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय, माफी असावी.

सभा झाली. पोह्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून बसले होते. माझा क्रमांक चौदावा. आधीच्या तेरांपैकी नऊ जणांनी अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, सेक्रेटरी विभागाचे आभार मानले. एकाने कारखाना बघायला बस काढा म्हणून विनंती केली. ही मंडळी रोज कुठल्या ना कुठल्या सभेत बोलत असावीत, इतकं सफाईदार. माझी पाळी आली तेव्हा आधी आवाजच जाईना. भाचा ओरडतोय ‘मामी, म्यूट!’ मग गुजरातीत विचारलं, लिहून ठेवलेलं वाक्य. ‘कोणी विरोध कर्यो हतो?’ हेही विचारलं, राहवलं नाही.

अध्यक्षांनी सगळ्यांना शेवटी एकदम उत्तरं दिली. माझ्या वाट्याला एक वाक्य : कंपनी सर्व कायद्यांचं पालन करते, तपशील सेक्रेटरी कळवतील. बसच्या विनंतीला त्याहून जास्त वेळ दिला.

नऊ दिवसांनी ईमेल आला. रक्कम एका इलेक्टोरल ट्रस्टला दिली, अमुक तारखेच्या ठरावाने. विरोधाबद्दल अक्षर नाही. पण आलं हेच मला खूप वाटलं, प्रिंट काढून यांच्या फाइलला लावलं.

ट्रस्टचा अहवाल आता आयोगाच्या साइटवर सापडला. वाकडा स्कॅन केलेला, कोपऱ्यात कुणाची तरी सही अर्धी कापलेली. वरच्या पानांवर देणाऱ्या कंपन्या, त्यात आमची, ३,००,००,०००. खालच्या पानावर घेणारे सात पक्ष. मधे काही नाही. रोख्यांना निदान क्रमांक होते, भाच्याला जुळवता आले. वर्गात असं गणित घातलं असतं तर पोरं म्हणाली असती, ‘बाई, माहिती अपुरी आहे.’

तरी सोडवून पाहिलं. यंदाचे माझ्या वाट्याचे छत्तीस रुपये. सगळ्यांचे पैसे एकाच पातेल्यात ढवळले असं धरलं, तर तीस रुपये एका पक्षाला जातात आणि उरलेल्या सहांत बाकीचे सहा. भाचा म्हणतो, असं धरता येत नाही, ज्याने त्याने आपापला पक्ष सांगूनच पैसे दिले असतील. असेलही. तेच तर विचारायचंय.

पुढच्या सभेला प्रश्न एवढाच : ट्रस्टला चेक देताना पक्षाचं नाव सांगितलं होतं का? वकीलताई, तुमच्या पद्धतीने वाक्य जरा घट्ट करून द्या. ‘होय’ किंवा ‘नाही’ यापलीकडे त्यांना जाता येऊ नये.