‘मामंजी’ म्हणजे नक्की कोण? जुन्या कादंबऱ्या वाचताना अडलेले शब्द

प्रश्न : एम. ए. मराठीच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वाचतेय. वाक्यं कळतात, पण माणसांची नाती डोक्यात बसत नाहीत. शंकरमामंजी हे नायिका यमूच्या सासरकडचे वडीलधारे, मग ‘मामा’ कसे? आणि त्या काळच्या लिखाणात ‘अलवण’ येतं, ते काय? शब्दकोशात पाहिलं तर ‘मिठाशिवाय’ असा अर्थ मिळाला!

प्रतिसाद : मामंजी म्हणजे सासरा, आणि त्या पिढीतल्या सासरच्या पुरुषांनाही सुना तसंच म्हणत. तुमची शंका मात्र रास्त आहे, कारण या शब्दात आपल्याकडची लग्नाची जुनी रीत दडली आहे. भावाची मुलगी बहिणीला सून म्हणून करायची, अशी पद्धत महाराष्ट्रात बऱ्याच जातींत होती. अशी भाची सून होऊन आली की सासू ही तिची सख्खी आत्याच. म्हणून सासूला ‘आत्याबाई’. आत्याच्या नवऱ्याला बऱ्याच घरांत मामा म्हणतात, तो झाला ‘मामंजी’. पुढे नातं असो वा नसो, हाक तीच राहिली. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिलं, त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा म्हणून येतो. मामेबहिणीशी लग्न चालतं, ही त्यातली दक्षिणेची बाजू.

हरिभाऊंची ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रात १८९० पासून क्रमशः येत होती. गोष्ट यमू स्वतः सांगते, त्यामुळे घरात चालणारी संबोधनंच थेट कानावर पडतात. तेव्हा कोण कोणाला काय हाक मारतं याचा एक कागद करून पुस्तकात ठेवा. अर्थांच्या वहीपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

प्रतिसाद : आमच्याकडे अजूनही आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. पुण्यातल्या मैत्रिणी ‘काका’ म्हणतात तेव्हा मला गोंधळायला होतं.

प्रतिसाद : अलवणाबद्दल. तुम्हाला सापडला तो संस्कृत शब्द, अ + लवण. आपला ‘अळणी’ त्यातूनच आला. कादंबऱ्यांतलं अलवण (आलवणही लिहितात) म्हणजे केशवपन केलेल्या विधवेला नेसावं लागे ते लाल लुगडं. एखाद्या बाईने ‘अलवण नेसलं’ एवढंच वाक्य आलं तरी तिचं काय झालं ते तेव्हाच्या वाचकाला कळत असे, लेखकाला आणखी काही सांगावं लागत नसे. अशा शब्दांसाठी आजचे छोटे कोश कामाचे नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा; त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली त्याच वर्षीची. शिवाय दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

प्रतिसाद : दर शब्दाला कोश उघडू नका हो. तिसऱ्या पानावरच दम जातो. आधी प्रकरण सलग वाचायचं, पेन्सिलीने खूण करायची आणि खुणा नंतर पाहायच्या. निम्मे शब्द पुढच्या दोन-चार पानांत आपोआप उलगडतात.

प्रतिसाद : हे सगळ्या शब्दांना लागू नाही. अनोळखी शब्दावर आपण थांबतो तरी. खरा घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. ‘मजकूर’ घ्या. आज मजकूर म्हणजे लिहिलेलं काहीही. जुन्या कागदांत आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत ‘मौजे मजकूर’, ‘साल मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं गाव, वर सांगितलेलं वर्ष. ‘त्याला चैन पडेना’ वाचून हल्लीच्या मुलांना मौजमजा आठवते, तिथे अर्थ आहे स्वस्थता. अशा जागी वाक्य किंचित वाकडं वाटतं. तसं वाटलं की कोश उघडायचा.

प्रश्नकर्ती : मामंजींचा उलगडा झाला, आभार! आणखी एक. ‘वन्सं’ म्हणजे नणंदच ना? मग नणंद का म्हणत नाहीत?

प्रतिसाद : नणंदच. पण ‘नणंद’ हे नातं सांगायला, हाक मारायला ‘वन्सं’. तसंच दीर आणि भाऊजी. नणंद हा संस्कृत ‘ननान्दृ’वरून आलेला, आणि त्याची जुनी व्युत्पत्ती ‘न नन्दति’, जी कशानेच खूश होत नाही ती! हे तोंडावर कोण म्हणणार?